तळाची पायली

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी एका विमा कंपनीचं अख्खं कामकाज ठप्प झालं आणि एक्केचाळीस मिनिटं ठप्पच राहिलं. ते देवेशमुळे झालं.

तर असं काही झालेलं नाही. कंपनीच्या नोंदवहीत त्या तारखेपुढे 'सर्व सुरळीत' असं लिहिलेलं आहे, तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरू आणि मुद्द्यावर येऊ. मुद्दा पुऱ्यांचा आहे.

जानेफळहून हिवरा आश्रम मोटरसायकलने अर्ध्या तासावर. जानेवारीत तिथे उत्सवाची पंगत बसते, शेतातल्या तासांसारख्या लांबच लांब ओळी, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुऱ्या आणि वांग्याची भाजी वाढत नेतात. देवेश तीन वर्षांपासून घरी बसून नोकरी करत होता आणि तिन्ही वर्षं पंगतीच्या दिवशी नेमकी त्याची पाळी होती. त्याची आई गोजरबाई एकटी जायची आणि येताना पदराला बांधून दोन पुऱ्या आणायची. घरी पोचेपर्यंत त्या चामड्यासारख्या व्हायच्या. देवेशचं आता आयुष्याकडे फार मागणं उरलं नव्हतं. एक गरम पुरी, बसून, पत्रावळीवर.

नोकरी म्हणजे डिस्क बघत बसणं. कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे गोदरेजच्या दोन कपाटांएवढा एक संगणक, नवी मुंबईत होता. त्याच्या पोटात लिनक्सची, म्हणजे वेगवेगळ्या संगणकांसारखी चालणारी, एकशे बारा बिऱ्हाडं राहायची आणि प्रत्येक बिऱ्हाडाला रोज थोडी जास्त जागा लागायची. ती किती भरली हे देवेश जानेफळात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून बघायचा, कारण घरात रेंज फक्त तिथेच यायची.

दिवाळीत जुन्या डिस्क बदलायच्या निघाल्या तेव्हा निवड देवेशवर आली. एक प्रकार मेनफ्रेमच्या जन्मापासूनच्या सवयीचा: लहान, ठरल्या मापाच्या डिस्क. त्या भरत आल्या की मेनफ्रेम स्वतःच बोंब मारतो, पण एकेका बिऱ्हाडाला अशा तीस-तीस जोडत बसावं लागतं. दुसरा प्रकार मोठ्या डिस्कचा. एक जोडली की झालं, पण मेनफ्रेम त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही; लक्ष माणसाने ठेवायचं. तीस-तीस जोडून देवेशचे खांदे भरून आले होते. त्याने मोठ्या निवडल्या. तो माणूस कोण, हे विचारायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"निवड तुझी, तर लक्षही तूच ठेव," पुण्याच्या निवेदिता मॅडम म्हणाल्या. त्या त्याच्या साहेब. "पंगतीपर्यंत एकही घटना घडली नाही, तर त्या दिवशीची सुट्टी पक्की." आणि तसं लेखी दिलं.

तेव्हापासून गोजरबाई रोज चहा घेऊन वर यायची आणि दुभत्या म्हशीची चौकशी करावी तशी करायची.

"आज किती?"

"ब्याऐंशी टक्के."

"काल तं ऐंशी होते. कोन खाऊन राह्यलं एवढं?"

"लोक बिमार पडून राह्यले, आई. त्याईच्या दवाखान्याचे कागदं येतात."

"त्याईले म्हना, पंगत होऊ द्या, मंग पडा."

देवेशने बंदोबस्त मात्र घरच्यासारखाच केला होता. गोजरबाईच्या ज्वारीच्या कोठीत तळाशी एक पायली ज्वारी फडक्यात बांधून ठेवलेली असते. ती खायची नाही, कोणाला सांगायची नाही. कोठीचं बूड उघडं पडू द्यायचं नाही, एवढाच नियम. देवेशनेही एकशे बारा बिऱ्हाडांत एकेक फाइल करून ठेवली. काम काही नाही, नुसती जागा अडवून बसायचं. अडचण आली की ती पुसायची, तेवढी जागा मोकळी. फाइलचं नाव 'पायली'. आत काय भरावं हे सुचेना, म्हणून त्याने शून्यं भरली. काही अब्ज शून्यं.

मंगळवारी पडद्यावर ब्याऐंशीच टक्के होते आणि ब्याऐंशीवरच सगळं थांबलं. देवेशने चहाचा कप खाली ठेवला आणि पहिली पायली पुसली. मग दुसरी. मग एकशे बाराच्या एकशे बारा. पडद्यावर त्र्याहत्तर टक्के झाले. काम थांबलेलंच होतं.

त्याने वैजनाथला फोन लावला. वैजनाथ धाड गावचा, नवी मुंबईत मेनफ्रेमच्या डिस्कचं कपाट त्याच्या ताब्यात असायचं.

"वैज्या, एकशे बारा पायल्या उपसल्या बे. जागा काऊन होऊन नाही राह्यली?"

"भरलं काय होतं त्याच्यात?"

"शून्य."



"अबे, हे कपाट हुशार आहे. शून्य दिसलं का ते ठेवतच नाही. 'इथं शून्य आहे' एवढं ध्यानात ठेवते अन् जागा दुसऱ्याले देऊन टाकते. तुह्या पायल्या दिवाळीतच वाटून झाल्या."

"पन मले तं अठरा टक्के शिल्लक दिसत होते."

"ते कबूल केलेले. पत्रिका वाटल्या हजार अन् पाट हायेत तीनशे. तू तीन महिने पत्रिका मोजून राह्यला."

देवेश गच्चीच्या कठड्यापाशी गेला. खाली मोटरसायकल उभी होती. पंगतीसाठी त्याने ती परवाच धुतली होती.

"थांब," वैजनाथ हळू आवाजात म्हणाला. "कोनाले सांगू नको. कपाटाच्या तळाशी आठ डिस्क हायेत. कोन्या यादीत नाहीत. मीनंच ठेवल्या."

"काऊन?"

"आमच्या घरीबी कोठी आहे बे. फक्त तिच्यात ज्वारी आहे."

अकरा अठ्ठेचाळीसला सगळं सुरू झालं.

दुपारी निवेदिता मॅडमनी विचारलं, "त्या आठ डिस्क कुठून आल्या?"

"तळाशी होत्या."

"यादीत नाहीत."

"नाहीत."

मॅडम विचारात पडल्या. दुरुस्ती लिहायची तर त्या डिस्क लिहाव्या लागणार, आणि त्या तर नव्हत्या. "ज्या डिस्क नाहीत, त्यांनी दुरुस्ती होऊ शकत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "दुरुस्ती झाली नसेल, तर बिघाडही झालेला नाही." आणि त्यांनी 'सर्व सुरळीत' लिहिलं.

देवेशला तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. "म्हणजे घटना घडली नाही. मग सुट्टी?"

"हो, अट पूर्ण झाली. अभिनंदन. पण पंगतीच्या दिवशी तू जागेवर हवास."

"का?"

"पुन्हा घडू नये म्हणून."

"काय पुन्हा घडू नये?"

"जे घडलं नाही ते," मॅडम म्हणाल्या. त्याही दमलेल्या होत्या.

संध्याकाळी गोजरबाईने सगळं ऐकून घेतलं. शून्याच्या पायलीपाशी तिने त्याला थांबवलं.

"रिकामं फडकं बांधून ठेवलं तू? त्याच्यापेक्षा वीट ठेवाची. उंदीर तरी फसला असता."

"चुकलं."

"मी ही कोठी तुह्या भरोशावर सोडून जानार होती." ती जिन्यापर्यंत गेली आणि वळली. "अर्ज कर. तुमच्यात सारं अर्जानं होते ना?"

देवेशने एकदा पडद्याकडे बघितलं. आता तो पत्रिका नाही, पाट मोजत होता. ते एक्याण्णव टक्के भरले होते. मग त्याने अर्ज लिहायला घेतला.

*प्रति, मा. विभागप्रमुख.*

*विषय: न घडलेल्या घटनेमुळे रद्द झालेल्या सुट्टीबाबत.*

*महोदया, उपरोक्त विषयान्वये विनंती की, सदर घटना घडलेली नसल्याने ती पुन्हा घडणे शक्य नाही, ही बाब विचारात घेऊन अर्जदाराची एक दिवसाची सुट्टी पूर्ववत मंजूर करण्यात यावी. ते शक्य नसल्यास, पंगतीच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत विमाधारकांनी आजारी पडू नये, असे परिपत्रक आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावे. तेही शक्य नसल्यास, पुऱ्यांचा एक ट्रॅक्टर जानेफळमार्गे वळवण्यात येऊन अर्जदाराच्या गच्चीखाली दोन मिनिटे उभा करण्याबाबत संबंधितांस आपल्या शिफारशीने कळवण्यात यावे. पुऱ्या गरम असाव्यात, ही नम्र विनंती.*