बाराव्या हुकावरची बातमी

मी एक जुना फळा आहे. खडूने लिहायचा नव्हे, किल्ल्या टांगायचा. माझ्या अंगावर बारा पितळी हूक आहेत आणि प्रत्येक हुकाखाली पांढऱ्या रंगात एकेक नंबर. गेली कित्येक वर्षे मात्र माझ्यावर किल्ल्या नसतात, बातम्या असतात. ते कसे, हे सांगेनच. पण मित्रांनो, आधी मला एका साध्या दिवसाबद्दल बोलू द्या, कारण तसा दिवस पुन्हा आला नाही.

त्या दिवशी कोल्हापुरात पाऊस होता, पण पंचगंगा अजून पात्रात होती. माझ्या पहिल्या हुकावर 'उद्या अर्ध्या शहरात पाणी येणार नाही' ही बातमी होती. दुसऱ्यावर एसटीच्या बदललेल्या वेळा. अंबाबाईच्या दर्शनाला एक नटी येऊन गेली होती, ती पाचव्यावर. आमच्या छोट्याशा वाहिनीचे संपादक शांतिनाथ मगदूम चष्मा कपाळावर सारून माझ्यापुढे उभे होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. त्यांची मुलगी आदिती त्याच खोलीत बसून बातम्या लिहायची. नटी निदान दुसरी घ्या, लोक तिच्यासाठीच टीव्ही लावतील, असे तिने सुचवले. आण्णा म्हणाले, "ती आली म्हणून कुणाची बादली भरणार हाय?" खोलीत हशा पिकला. आदितीही हसली. मग आण्णांनी छत्री घेतली आणि घरी येतेस का, असे तिला विचारले. तिचे थोडे काम उरले होते. तुम्ही व्हा पुढे, ती म्हणाली, आणि ते गेले.

आता माझ्या जन्माची गोष्ट. आकाराम सुतारांनी मला सागवानाच्या एका अखंड फळीतून घडवले. स्टँडजवळच्या एका लॉजच्या मालकाने मला करून घेतले होते. लॉजला खोल्या बारा, म्हणून मला हूक बारा. अंबाबाईला आलेली कुटुंबे, गुळाचे व्यापारी, तालमीत दाखल व्हायला आलेले पोरगेले पैलवान, सगळ्यांच्या किल्ल्या मी सांभाळल्या. लॉजचा कारभार गुंडूमामा पाहायचे. एक नंबरची खोली तळमजल्यावर, नळाशेजारी होती. ती ते सहसा रिकामी ठेवत. जास्त भाडे देणारा आला तरी त्याला वरची खोली मिळे. जिना चढता येत नाही असे कुणी आले, की मामांचा हात पहिल्या हुकाकडे जाई.

नऊ नंबरच्या खोलीत तेव्हा एक तरुण वार्ताहर राहत होता. जयसिंगपूरकडून आलेला, एका बॅगेत दोन सदरे आणि बाकी सगळी वर्तमानपत्रे. तेच आपले आण्णा. पुढे रस्ता रुंद करायचा ठरले आणि लॉज पडला. माझी फळी जळणात जायची होती. आण्णांनी मला रिक्षात आडवे घातले आणि आपल्या नव्या कार्यालयात आणले. केबलवर रोज संध्याकाळी सात वाजता जिल्ह्याच्या बातम्या देणारी वाहिनी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती.

तिथे मला नवे काम मिळाले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेक बातमी लिहायची, दोरा ओवायचा आणि माझ्या हुकांवर टांगायची. पहिल्या हुकावरची बातमी आधी वाचली जाई, बाराव्यावरची शेवटी. पत्रिका मागेपुढे करणे सोपे, म्हणून ही युक्ती. पण कोणती कुठे, हे ठरवणे सोपे नव्हते. ज्या दिवशी एकच मोठी गोष्ट घडते, त्या दिवशी कुणालाही संपादक होता येते. एकाच दिवशी मंत्री येतात, घाटात गाडी उलटते, उसाचा दर ठरतो आणि गावचा पैलवान दिल्लीत कुस्ती मारतो, तेव्हा खरी परीक्षा.

आण्णांचा एक नियम होता. जी बातमी ऐकून कुणाला आत्ता उठून काही करावे लागणार आहे, ती पहिली. जी ऐकून नुसते बोलायचे आहे, ती मागे. बातमी केवढी मोठी, हे ते नंतर बघत. आणि निधनाची बातमी बाराव्या हुकावर. माणूस कितीही मोठा असो, त्यात बदल नाही. गेलेल्या माणसाला घाई नसते, असे ते म्हणत.

यावरून भांडणे होत. एकदा एक पुढारी स्वतःच्या वाढदिवसाची बातमी पहिली लावा म्हणून हार गळ्यात घालूनच आले. आण्णांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितले, "पावणं, वाढदिवस पुढच्या साली परत येतोय. उद्या दवाखाना बंद हाय, ते आजच सांगायला पायजे." वाहिनीचे मालक धैर्यशील मनाने चांगले, पण त्यांना बिबट्याच्या चित्रफितींचा फार सोस. बिबट्या वर घ्या की आण्णा, लोकं बिबट्या बघत्यात, असा त्यांचा हट्ट असे. आण्णा विचारत, कुठल्या शिवारात? कोण बघितलं? पहाटे तिथं वैरणीला कोण जातंय? उत्तर मिळाले तर बिबट्या पहिल्या हुकावर जाई. नाही मिळाले तर पत्रिका आण्णांच्या खिशात जाई.

या नियमाची झळ घरालाही बसायची. बुलेटिन संपेपर्यंत आण्णा कुणाचे नसत. आदिती शाळेत असताना दप्तरासकट इथेच येऊन बसायची, खुर्चीतच झोपायची. मोठी झाल्यावर ती इथेच कामाला लागली, तेव्हा मला वाटले, आता बापलेक बोलतील. ती बोलत, पण बातम्यांबद्दल. तिच्या मनात काहीतरी राहून गेले आहे, एवढे मला कळायचे. ते काय, हे कळत नव्हते.

मग संगणक आले. बातम्यांचा क्रम पडद्यावर लागू लागला. मला दाराआड सरकवले गेले. माझ्या हुकांवर कुणी रेनकोट टांगले, कुणी डब्याच्या पिशव्या. मला वाईट वाटायचे. पण आण्णा रोज दुपारी रेनकोट बाजूला करून माझ्यावर पत्रिका लावत आणि तोच क्रम मग संगणकात जाई. नव्या मुलांना त्याची गंमत वाटे. ती हसत, पण पत्रिकांना दोरा तीच ओवून देत.

त्या साध्या दिवसानंतर पाऊस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे कार्यालयातला फोन वाजला आणि पावसामुळे तिथेच थांबलेल्या, कॅमेरा सांभाळणाऱ्या जोतीरामांनी तो उचलला. आण्णा गेले होते. झोपेतच, घरी.

दुपारपर्यंत सगळे अंत्यसंस्काराला जाऊन आले. ओले कपडे, लाल डोळे. आणि त्याच दिवशी बातम्यांचा पूर आला होता. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले होते. महामार्गावर पाणी येऊ लागले होते. पाहणीसाठी एक मंत्री आले होते. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना घरे सोडायला सांगितले होते. पण जोतीरामांनी एक नवी कोरी पत्रिका घेतली, तिच्यावर सुबक अक्षरात लिहिले, 'शांतिनाथ मगदूम यांचे निधन', आणि माझ्या पहिल्या हुकावर टांगली. सगळ्यांना तेच हवे होते. पहिली दहा मिनिटे आण्णांची, असे धैर्यशीलांनी ठरवले होते. मलाही ते बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

पाचच्या सुमारास आदिती आली. तिने येऊ नये असेच सगळ्यांना वाटत होते, पण निम्मी माणसे पाण्यामुळे पोचली नव्हती आणि क्रम लावायला कुणी नव्हते. तिला एकटी सोडायची नाही म्हणून तिची आत्या अक्काताई बरोबर आल्या होत्या. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भावाकडे आल्या होत्या आणि परतीचा रस्ता बंद झाल्याने इथेच अडकल्या होत्या. घर त्यांचे शिरोळ तालुक्यात, नदीपासून जवळच.

आदिती माझ्यापुढे उभी राहिली. पहिल्या हुकावरच्या पत्रिकेकडे तिने हात नेला आणि मागे घेतला. नियम तिला पाठ होता. तरी ती खुर्चीवर बसली. तिलाही ती पत्रिका तिथेच राहायला हवी होती. बातम्या वाचणारी राजनंदिनी हळूच म्हणाली, की ताई, आण्णा असते तर त्यांनी… अक्काताईंनी तिला पुढे बोलू दिले नाही.

"जन्मभर दुसऱ्यांस्नी म्होरं धाडलं माझ्या भावानं. आज एक दिस त्येला म्होरं असू दे की."

तेवढ्यात अक्काताईंचा फोन वाजला. त्यांचा मुलगा वृषभ गावाहून बोलत होता. अक्काताईंना कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असे. साऱ्या खोलीने ऐकले.

"आई, मामाची बातमी कवा लागणार हाय? रस्ता बंद म्हणून मला तोंड बघाय मिळालं न्हाय. टीव्हीत तरी बघतो, आणि मग म्हसरं सोडून निघतो."

"पाणी कुठवर आलंय?" अक्काताईंनी विचारले.

"खालच्या आळीत आलंय. वरच्या आळीत सगळी टीव्हीम्होरंच बसल्यात. मामाला वळखत व्हती की सगळी. आणि कुठला रस्ता चालू हाय ते बी कळंल. लाईट हाय तवर बघून घेतो."

अक्काताईंनी फोन तोंडाजवळ धरला. "बघू नगंस काय," त्या म्हणाल्या. "आदी म्हसरं सोड. पोरंबाळं घिऊन नीघ."

त्यांनी फोन ठेवला. मग पदराने डोळे पुसून भाचीला म्हणाल्या, "काढ बाई ती चिठ्ठी तिथनं. माझा हात पोचत न्हाय."

आदिती उठली. आता तिचा हात थांबला नाही. गावात वीज केव्हाही जाईल, तेव्हा बुलेटिनचे पहिले वाक्यच कामाचे हवे, असे तिने सर्वांना सांगितले. धरणाच्या दरवाजांचे चित्र सर्वांत भव्य होते, तरी तिने ते चौथे ठेवले. पहिल्या हुकावर गावांची नावे, चालू रस्ता आणि जयसिंगपुरातल्या ज्या शाळांत सोय होती त्यांची नावे. दुसऱ्यावर महामार्ग. तिसऱ्यावर उद्या दूध संकलन कुठे बंद. मंत्री आठव्यावर गेले. धैर्यशील म्हणाले, निदान आण्णांना तिसरे तरी घेऊ. आदिती म्हणाली, "दादा, गेलेल्या कुणालाच त्यांनी दिली नाही ती जागा." आणि तिने ती पत्रिका बाराव्या हुकावर लावली.

सात वाजता राजनंदिनीने वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज एकदाही कापला नाही. पहिली बातमी संपते न संपते तोच जोतीरामांना फोन आला की सांगितलेल्या रस्त्यावरही आता पाणी चढतेय, दुसरा रस्ता धरायला सांगा. पहिली बातमी बदलून पुन्हा वाचली. मग फोन येतच राहिले. गावामागून गाव वाढत गेले. आठव्या हुकापर्यंत पोचता पोचता वेळ संपला. बाकीच्या पत्रिका तशाच राहिल्या. त्यांत आण्णांचीही होती.

थोड्या वेळाने वृषभचा पुन्हा फोन आला. तो शाळेत पोचला होता, म्हशी वरच्या रानात होत्या. टीव्ही कधीच बंद पडला होता. मामाची बातमी लागली का, असे त्याने विचारले. अक्काताईंनी लागली म्हणून सांगितले आणि तोंड फिरवले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. मला पॉलिश करा, भिंतीवर मानाने लावा, असे मी म्हणणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. टीव्हीवर पहिली बातमी लागली की क्षणभर विचारा, ही ऐकून कोण उठून उभे राहणार आहे? कुणीच नाही, असे उत्तर आले तर खरी पहिली बातमी मागे कुठेतरी वाट पाहत असेल, ती शोधा. आणि जी माणसे रोज दुसऱ्यांना पुढे पाठवतात, ती तुमच्या घरात असतील तर त्यांना जपा. त्यांची बातमी फार मागे राहते.

एवढे माझे सांगणे. पण त्या संध्याकाळचे थोडे उरले आहे.

सगळे चहाला खाली गेले. आदिती एकटी मागे राहिली. तिने बाराव्या हुकावरची पत्रिका काढली, वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसली आणि बंद कॅमेऱ्यासमोर ती बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नाव, वय, गाव. त्यांच्या मागे बहीण आणि एक मुलगी आहे, हेही वाचले. मग पत्रिका मांडीवर ठेवून ती मोठ्याने म्हणाली,

"आण्णा, तुमचा क्रम बरोबर होता. पण मला आधी तुम्ही पाहिजे होता. मग पूर, मग बाकी सगळं."