दोनशे बारा रिकामे क्लिक

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि जुना होण्याआधीही मी कुणी मोठा नव्हतो. मिररलेस घराण्यातला सगळ्यात खालच्या पायरीवरचा. दुकानदार ज्याला ‘शिकायला बरा आहे’ म्हणून पुढे सरकवतात, तो मी. मित्रांनो, माझी कहाणी ऐकण्याआधी माझ्याकडून कुणाला काय मिळणार होते ते ऐका. वहिनींना मिळणार होते दुकानाच्या पाटीवर नाव. भावजींना मिळणार होती शांतता, म्हणजे ‘मलाही एकदा काढू द्या ना फोटो’ हे रोज सकाळी ऐकण्यातून सुटका. आणि मला मिळणार होता काचेच्या कपाटाचा वरचा कप्पा. कुणाचाच लोभ फार मोठा नव्हता. पण लहान लोभच माणसाला जास्त राबवतो, हे मी माझ्या डोळ्याने पाहिले आहे.

वहिनी कोण नि भावजी कोण, तेही सांगायला हवे. फोटो स्टुडिओ भावजींचा. वहिनी त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. घर वरच्या मजल्यावर, दुकान खाली. अठरा वर्षे वहिनी काउंटरवर होत्या. ओळखपत्राचे फोटो कापायचे, फ्रेमच्या काचा पुसायच्या, गिऱ्हाइकाला ‘हनुवटी जरा खाली घ्या’ म्हणायचे. बटण मात्र भावजी दाबायचे. हनुवटी वहिनींची, नाव भावजींचे. दोघे एकमेकांना जे म्हणतात तेच मीही म्हणतो. कपाटातल्या वस्तूने वेगळे नाते कुठून आणायचे?

माझा जन्म धुळीचा कण नसलेल्या एका लांबलचक खोलीत झाला. पांढऱ्या हातमोज्यांतल्या माणसांनी मला एकेक अवयव दिला. कुणी सेन्सर बसवला, कुणी शटरचा पडदा, कुणी बटणे. शेवटी एका बाईने माझे बटण दाबून पाहिले. पोटात फोटो साठवायचे कार्ड नव्हते, तरी मी ‘खट्’ केले आणि तिने समाधानाने मान डोलावली. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला सोपे जावे म्हणून आमच्यापैकी पुष्कळांना हीच सवय लावून पाठवतात: कार्ड असो वा नसो, बटण दाबले की खट्. मित्रांनो, ही सवय ध्यानात ठेवा. पुढे तिनेच घात केला.

स्टुडिओत आलो तेव्हा वरच्या कप्प्यात थोरले बसलेले होते. थोरले म्हणजे भावजींचा मोठा, व्यावसायिक कॅमेरा. तेही मिररलेसच, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटात असतो तसा आरसा आमच्या दोघांच्याही पोटात नाही. आरसा नसला की स्वतःचे तोंड दिसत नाही, म्हणून दोघेही स्वतःला देखणे समजत होतो. थोरल्यांचे अंग धातूचे, सांध्यासांध्याला रबर. पाणी उडाले तर अंग झटकून पुढच्या कामाला. माझे अंग प्लास्टिकचे. मला कुणी जवळून शिंकले तरी धास्ती वाटायची. त्यांना कार्डाच्या दोन खाचा, एकातले गेले तर दुसऱ्यात आहेच. मला एकच, तीही बॅटरीच्या शेजारी पोटभाडेकरूसारखी. ते सेकंदाला वीस फोटो काढत आणि त्यांना दम लागत नसे. मी पाच काढायचो, आणि तीन-चार सेकंदांत मला धाप लागायची. मग सगळे कार्डावर उतरेपर्यंत कुणी बटण दाबो नाहीतर कपाळ आपटो, मी ढिम्म. कमी उजेडात त्यांचे चित्र नितळ, माझे वाळू भुरभुरल्यासारखे. खोटे कशाला सांगू? माझ्या पदरात दोनच गोष्टी होत्या. मी हलका होतो, आणि माझी स्क्रीन दारासारखी बाहेर उघडून हवी तशी वळायची.

एकदा एका गिऱ्हाइकाने दोघांकडे बोट दाखवून विचारले, ‘‘यात फरक काय हो?’’

‘‘मोटार आणि सायकल,’’ भावजी म्हणाले.

‘‘सायकलही पोचते की,’’ वहिनी काच पुसत म्हणाल्या.

‘‘पोचते ना वहिनी. फक्त तोवर कार्यक्रम संपलेला असतो.’’

गिऱ्हाईक हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी काचेवरचा तोच डाग तीनदा पुसला.

पहिली दोन वर्षे मी ओळखपत्राचे फोटो काढले. समोर पांढरा पडदा, त्यापुढे कुणाची तरी गंभीर मुद्रा. मग गल्लीतल्या पोहण्याच्या क्लबाचे काम आले. क्लबाच्या लांब व्हरांड्यात दहा चौकटी लावायच्या होत्या आणि त्यांत पोहणाऱ्या मुलांचे फोटो हवे होते. भावजी नवशिक्यांच्या सरावाला जायला कंटाळत होते. वहिनी म्हणाल्या, ‘‘मी जाते.’’

‘‘या शिकाऊला घेऊन?’’

‘‘शिकाऊ मुलांना शिकाऊच बरा.’’

भावजींनी थोडा विचार केला. ‘‘ठरलं तर मग. दहातली एक जरी चौकट तुमच्या फोटोनं भरली, तर पाटीवर माझ्या नावाखाली तुमचं नाव. त्याच मापाच्या अक्षरांत.’’

‘‘शब्द?’’

‘‘शब्द. पण नाही भरली, तर काउंटर आणि काच. पुन्हा कुरकुर नाही.’’

तलावावर पत्र्याचे छप्पर, उंच खिडक्या आणि ओल्या फरशीचा वास. तिथे आठ वर्षांची एक मुलगी होती. तीन महिने ती पाण्यात उतरायची, पण हात काही काठावरून सुटायचा नाही. मुलांनी तिचे नाव ठेवले होते ‘काठकर’. तिचे वडील बस चालवायचे. सरावाच्या वेळी त्यांची पाळी असे. त्या सकाळी काठकरने काय मनात आणले कोण जाणे, तिने डोळे मिटले आणि हात सोडला. चार हात मारले, पाणी प्यायली, पुन्हा काठ धरला. वहिनींनी ते सगळे टिपले. मी खट्-खट् करत होतो, प्रत्येक फोटो दोन क्षण स्क्रीनवर दाखवत होतो आणि वहिनी हसत होत्या. त्या सकाळी आम्ही दोनशे बारा क्लिक केले.

आदल्या संध्याकाळी वहिनींनी माझे कार्ड काढून दुकानातल्या संगणकाला लावले होते. ते तिथेच होते. मी पोटात काही नसताना तृप्तीचे ढेकर देत होतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘कार्ड नाही’ अशी बारीक लाल अक्षरे मी दाखवत होतो खरी, पण वहिनींचा जवळचा चष्मा डोक्यावर चढवलेला होता. अशी चूक फोटो काढणारेच करू शकतात. स्वयंपाकी निदान रिकामे पातेले ढवळत तरी नाही.

संध्याकाळी काठकरचे वडील गणवेशातच काउंटरवर आले. ‘‘पोरगी म्हणते, तिनं काठ सोडला. दाखवता का जरा?’’

माझ्यावर ढकलणे सोपे होते. ‘बिघडला कॅमेरा’ म्हटले असते तर कोण तपासायला बसले होते? वहिनी म्हणाल्या, ‘‘फोटो नाहीये दादा. मी कार्ड घालायला विसरले. पण तिनं सोडला काठ, मी पाहिलंय.’’

ते टोपी हातात फिरवत राहिले आणि गेले. दुसऱ्या दिवशी तलावावर मुले काठकरला म्हणाली, ‘‘पुरावा दाखव!’’ पुरावा नव्हता. मुलगी पुन्हा काठाला चिकटली.

भावजी त्या रात्री टोमणा मारतील असे मला वाटले होते. ते जेवून खाली आले, थोरल्यांची झाकणी उघडून दोन खाचा वहिनींना दाखवल्या. ‘‘या दोन का आहेत सांगू? एका लग्नात माझंही असंच झालं होतं. नवरीचा बाप आजही रस्ता बदलतो.’’ मग जाता जाता म्हणालेच, ‘‘काच पुसायचं फडकं धुऊन ठेवलंय हं.’’

वहिनींनी फडक्याला हात लावला नाही. चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्या मेन्यूत खोल खोल शिरल्या आणि ती कारखान्यातली सवय बंद केली. आता कार्ड नसेल तर मी खट् करणारच नाही. तरी त्या रोज निघताना माझी झाकणी उघडायच्या, कार्डावर बोट ठेवायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, ‘‘आहे.’’

क्लबाच्या स्पर्धेला पाच आठवडे होते, आणि चौकटींसाठी तिथले फोटोही चालणार होते. दुकानामागच्या मोरीतला नळ थेंब थेंब गळायचा. वहिनींनी तो दुरुस्त करू दिला नाही. रोज दुपारी गिऱ्हाईक नसले की त्या मला घेऊन नळासमोर बसत आणि थेंब सुटला की एकदाच बटण दाबत. मला धाप लागते ना, मग एकाच क्लिकमध्ये भागवायचे, असे त्यांनी ठरवले होते. पहिल्या आठवड्यात आम्हाला नुसता नळ मिळाला. दुसऱ्यात ओली मोरी. चौथ्या आठवड्यात थेंब हवेत सापडू लागला, दहात सहा वेळा.

‘‘वहिनी, नळाला मॉडेल म्हणून ठेवलंय का?’’ भावजी विचारत.

‘‘हो. हनुवटी वर करत नाही, हाच त्याचा गुण.’’

सकाळी त्या तलावावर जाऊन नुसत्या बघत बसत. कोणते मूल कितव्या हातानंतर श्वासाला तोंड बाहेर काढते, हे त्यांनी वहीत लिहिले. बाहेरच्या थंडीतून त्या दमट हवेत शिरले की माझ्या लेन्सवर वाफ धरायची, म्हणून अर्धा तास आधी जाऊन मला पिशवीतच ठेवत. काठकरशी त्या फारसे बोलत नसत. एकदा फक्त म्हणाल्या, ‘‘माझ्यामुळे तुझा पुरावा बुडाला. पुन्हा सोडलास काठ, तर या वेळी मी तयार असेन.’’

‘‘कार्ड आहे?’’ मुलीने विचारले.

वहिनींनी झाकणी उघडून दाखवले.

स्पर्धेच्या दिवशी समोरची मधली जागा भावजींची आणि थोरल्यांची होती. आम्हाला पलीकडचे टोक मिळाले, जिथे पोहणारे भिंतीला हात लावतात. मोठ्या मुलांच्या शर्यतीत थोरल्यांनी कमाल केली. पाण्याचा एकेक मणी वेगळा, डोळे धारदार. मी तिथूनच मनातल्या मनात त्यांना रामराम केला.

शेवटी नवशिक्यांची शर्यत. सहा मुले निघाली, पाच पोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे बक्षिसांच्या टेबलाकडे वळले. थोरलेही वळले. पाण्यात एकटी काठकर उरली होती, अर्ध्या वाटेवर, काठापासून लांब. वडिलांची त्या दिवशीही पाळी होती.

‘‘बाई, टोक मोकळं करा, आता बक्षिसं आहेत,’’ क्लबाच्या प्रशिक्षक बाई ओरडल्या.

‘‘एक पोहतेय अजून,’’ वहिनी म्हणाल्या आणि ओल्या फरशीवर चक्क पालथ्या झोपल्या. माझी स्क्रीन बाहेर उघडून त्यांनी मला पाण्यापासून वीतभर उंचीवर धरले. मुलगी हात मारत होती, मोजून तीन हात, मग श्वास. तीन हात, मग श्वास. जवळ आली तसे तिच्या पायांनी पाणी असे उडू लागले की पुढचा फवारा माझ्यावरच येणार हे वहिनींना दिसत होते. मलाही दिसत होते. मला मागे घ्यायला एक क्षण पुरेसा होता. पण भिंतीला हात लागायलाही तोच एक क्षण होता.

वहिनींनी मला मागे घेतले नाही. खट्. एकदाच.

मग फवारा आला. स्क्रीन पांढरी झाली, मग निळी, मग काळी. वहिनींनी त्याच क्षणी बटण बंद केले, बॅटरी ओढून काढली, कार्ड मुठीत घेतले आणि मला कोरड्या पंच्यात गुंडाळले. फोटो आला की नाही, हे त्यांनी पाहिलेच नव्हते. पाण्यातून डोके वर काढून काठकरने विचारले, ‘‘आला?’’

‘‘माहीत नाही,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘पण कार्ड होतं.’’

दुकानात भावजींनी स्वतः कार्ड लावले. चित्र उघडले. भिंतीवर टेकलेली पाच बोटे, त्यामागे सताड उघडलेले दोन डोळे आणि सगळीकडे फुटलेले पाणी.

‘‘धार जरा कमी आहे,’’ भावजी म्हणाले.

‘‘आहे.’’

‘‘वाळूसारखे दाणेही आहेत.’’

‘‘आहेत.’’

मग त्यांनी चित्र मोठे करून ती पाच बोटे पाहिली. ‘‘माझ्याकडे हा नाही,’’ ते म्हणाले.

क्लबाने नऊ चौकटींत थोरल्यांचे फोटो लावले आणि दहावीत आमचा. प्रशिक्षक बाईंनी तो स्वतः निवडला. मग पाटी रंगवणारा आला. वहिनींनी पट्टी घेऊन दोन्ही नावांची अक्षरे मोजली. एक काना अर्धा बोट आखूड होता, तो पुन्हा काढून घेतला. काठकरचे वडील पाळी संपण्याआधीच व्हरांड्यात आले, टोपी काढून चौकटीसमोर उभे राहिले आणि त्यांच्या बसची शेवटची फेरी पाच मिनिटे उशिरा सुटली.

मी आठ दिवस कोरड्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांबरोबर पडून होतो. मग जागा झालो, पण स्क्रीन कायमची काळी. दृश्य बघायच्या वरच्या भिंगाला डोळा लावून वहिनी अजून माझ्यावर काम करतात. सोबतीला त्यांनी मोठा कॅमेराही घेतला आहे. मी वरच्या कप्प्यात असतो, थोरल्यांच्या शेजारी. ते माझ्याहून चांगले आहेत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे आणि आमचे बरे चालते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला ओलाव्यात ठेवू नका, त्याची लेन्स सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, आणि तो मोठा नाही म्हणून त्याच्याकडून थोडे मागू नका. आणि निघताना झाकणी उघडून बोट लावा. मनात नव्हे, मोठ्याने म्हणा, ‘आहे.’

आता शेवटची मोजदाद. माझा पडदा किती वेळा उघडला, हे माझ्या पोटात नोंदलेले असते. आज तो आकडा एकेचाळीस हजार तीनशे सहा आहे. त्यात ते दोनशे बारा आहेत. फोटो कुठेच नाहीत, झीज मात्र खरी. वहिनींना नाव मिळाले. भावजींना शांतता मिळाली नाही, कारण आता वहिनी त्यांच्या फोटोंतल्या चुका काढतात. मला कप्पा मिळाला आणि त्यापायी मी एक स्क्रीन दिली. पण त्या दोनशे बारांचे कर्ज मी आणि वहिनींनी फेडलेच नाही. ते एका आठ वर्षांच्या मुलीने फेडले, एकदा सोडलेला काठ दुसऱ्यांदा सोडून.