गळ्यात काळा दोरा

मी एक बाटली बोलतेय. मला वाचता येत नाही. अंगावर काय लिहिलं, ते माणसांच्याच तोंडून कळलं.

मी आणि माझी जुळी बहीण इंदरमल शेठच्या दुकानातून म्हसावदच्या हिंमतरावांकडे आलो, लग्नातलं गुलाबपाणी घेऊन. पुढं बरीच वर्षं कोनाड्यात धूळ खाल्ली.

साठ-एकसष्ट साल असेल. ऊस तोडताना हिंमतरावांच्या पायावर कोयता बसला. जखम चिघळली, ताप भरला. तेव्हा दवाखान्यात बाटली घरूनच न्यावी लागे. गजराबाई नवऱ्यासाठी आम्हा दोघींना घेऊन गेली. कंपाउंडरनं बहिणीत मिक्स्चर भरलं, माझ्यात लोशन. दोन्ही लालसर, दोन्ही उग्र. इंग्रजी चिठ्ठ्या डकवल्या. घरच्यांना दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, औषध. म्हणून त्यानं माझ्या गळ्यात काळा दोरा बांधला.

"वहिनी, काया दोरानी पायवर टाकानी. बिनदोरानी पेवानी. काया दोरानी पोटमा गयी तं जीव जाई."

घरी गजराबाई चूल पेटवायला गेली. तेवढ्यात सासूनं, तापीबाईनं, लेकाच्या औषधाला नजर नको म्हणून बहिणीच्या गळ्यातही काळा दोरा बांधला. मी बघत राहिले. बोलणार कशी?

गजराबाई परतली आणि थबकली. "आत्याबाई, दोरा कोन्हा?"

"मीच बांधा. कोनले, ते ध्यानमा नही ऱ्हायनं, माय."

कंपाउंडर शहाद्याच्या मोटारीनं कधीच गेलेला. गल्लीत इंग्रजी वाचणारं कोणी नाही. ती चिठ्ठ्याच उलटसुलट निरखू लागली. खाटेवरून हिंमतराव कण्हत ओरडले, "काय वाची ऱ्हायनी? मडम व्हयनी का तू?"

"मडम नही ना, म्हनीसनच भ्याव वाटस."

तिनं मला उचललं. बूच निघालं. मी मनात म्हणत होते, बाई, मी नव्हे, मी नव्हे. तिनं मला नवऱ्याकडे नेलंच नाही. बोटावर थेंब घेऊन स्वतःच्या जिभेवर ठेवला.

"थुत्! आत्याबाई, पानी! हाई पायवरनी शे!"

जीभ पांढरी पडली. बहिणीतलं औषध तिनं नवऱ्याला पाजलं. चार-सहा दिवसांत ताप उतरला.

आता मी त्यांच्या चुलीपाशी चिमणी होऊन जळते. पोटात रॉकेल, गळ्यात अजून तोच दोरा, काजळीनं जास्तच काळा. गजराबाईला तेव्हापासून तिखटाची चव नीट लागत नाही. नवीन औषध आलं की देणाऱ्यालाच दटावते, "नाव नको सांगू. पोट दखाड, नही तं पाय दखाड."

बाबांनो, माझ्यासारखीला घरात आणाल तेव्हा पोटाची की पायाची, एवढं विचारून घ्या. कुणा बाईच्या जिभेनं मला ओळखायची वेळ पुन्हा आणू नका.