बावीस नंबरची बाळंतीण

"बंद कर बाई तो भोंगा! आत्ता कुठे पोरीचा डोळा लागला होता."

आईचं ऐकून प्रीताने लॅपटॉपवर झडप घातली. अलार्म थांबला, पण मांडीवरची सावनी दचकली होती. दात येत होते तिला. तीन दिवस धड झोप नव्हती. ना तिला, ना प्रीताला.

नकाशावर नामिबियाच्या वाळवंटातला एक ठिपका लाल वर्तुळाच्या कडेवर टेकला होता. बावीस नंबरची सिंहीण. तिच्या गळ्यातला पट्टा दर तासाला उपग्रहामार्फत ती कुठे आहे ते कळवायचा आणि अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या या अपार्टमेंटमध्ये बसून प्रीता ते पाहायची. तिकडे रात्र पडते तेव्हा इकडे दिवस असतो, म्हणून तर सिंह वाचवणाऱ्या संस्थेने तिला घेतलं होतं. शेळ्यांच्या वाड्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ आखलेलं. सिंह आत शिरला की अलार्म, मग प्रीताचा संस्थेच्या तिथल्या पथकातल्या योनासला फोन, मग योनासची माणसं गाडीचे दिवे आणि फटाके घेऊन धावायची. शेळ्या वाचल्या की सिंहही वाचायचा.

"काय म्हणते तुझी बाळंतीण?" आईने विचारलं. नातीसाठी आई चंद्रपूरहून आली होती आणि आल्या दिवसापासून त्या सिंहिणीला याच नावाने हाक मारत होती.

"पिल्लांपाशीच आहे गं. वर्तुळाच्या कडेलाच खडकात राहतेय. जरा हलली की हा बोंबलतो. योनासला रोज उगाच पळवतेय मी."

"मग कर ना ते वर्तुळ थोडं लहान. तिलेही झोपू दे, हिलेही." आई हसली. "वाघ-सिंह तिकडे आणि राखण इकडे! आमच्याकडे तर गावात वाघ आला तरी वनखात्याचा माणूस फोन नाही उचलत."

प्रीताही हसली. तिने सावनीला छातीशी घेतलं आणि मोकळ्या हाताने पाचाचे दोन केले. फक्त हिची झोप होईपर्यंत. आठवडेच्या आठवडे पाण्याचा थेंब न पिता, शिकारीच्या रक्तावर तहान भागवून जगणारी ती. आता त्यातूनच दूध करत होती. पिल्लांना टाकून कुठे जाणार आहे, प्रीताला वाटलं. सावनीचे ओठ सैल पडले. तिच्या केसांच्या घामट वासात प्रीताचेही डोळे मिटले.

अलार्मने ती उठली तेव्हा ठिपका वर्तुळाच्या कडेवर नव्हता. मधोमध होता, वाड्यावर. तासाभरापूर्वीची नोंद चार किलोमीटरवरची. पाचाचं वर्तुळ असतं तर अलार्म तेव्हाच वाजला असता.

योनासने फोन उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही. बऱ्याच वेळाने त्याचाच आला. मागे माणसांचा गलका, कुत्री.

"प्रीता, तिला गोळी घातली," तो इंग्रजीत, सावकाश म्हणाला. "बऱ्याच शेळ्या गेल्या. मी पोचलो तोवर सगळं झालं होतं. इथे सगळे म्हणताहेत, योनास झोपला होता. अलार्म वाजला नाही का?"

आईला इंग्रजी पूर्ण कळलं नाही, पण लेकीचा चेहरा कळला. ती कानाशी आली. "सांग, सिग्नल नव्हता. कोण पाहायला येऊन राहिलं तिथं?"

डोंगराआड सिग्नल जायचाच. योनासने लगेच विश्वास ठेवला असता. मागून कुणी बाई त्याच्यावर ओरडत होती, रडत ओरडत होती. उद्यापासून ती त्याच्या माणसांची वाट पाहणार नव्हती. सिंह दिसला की सरळ बंदूक.

"योनास," प्रीता म्हणाली, "तू नाही. मी झोपले होते. वर्तुळ मी लहान केलं होतं. बाळ उठत होतं म्हणून."

पलीकडे त्याने कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "थांब. स्पीकर लावतो. हेच पुन्हा सांग, मी त्यांच्या भाषेत सांगतो."

तिने पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा अवघड गेलं. योनासने एकेक वाक्य त्यांच्यासमोर ठेवलं. गलका ओसरला. त्या बाईने काहीतरी विचारलं, मग काहीतरी लांबलचक म्हटलं. योनासने त्यातलं काहीच प्रीताला सांगितलं नाही.

"आणि पिल्लं?"

"उजाडलं की खडकाकडे जातो. फार लहान आहेत, प्रीता. बघू." आणि मग, "ऑफिसला तूच कळव."

"हो."

फोन ठेवला तेव्हा तिच्या कुर्त्यावर दुधाचे दोन ओले डाग पसरले होते. सावनी तर गाढ झोपली होती.

"मीच म्हटलं होतं गं, लहान कर म्हणून," आई म्हणाली.

"केलं मी, आई."

आई सावनीला उचलायला वाकली, पण प्रीताने हात सोडला नाही. एका हाताने तिने दोनाचे पाच केले. मग ऑफिसला मेल लिहायला घेतला, एका बोटाने, अक्षर अक्षर. मेल गेला. नकाशा उघडाच होता.

ठिपका हलला होता. ती पडद्याकडे झुकली. पुढच्या नोंदीला तो आणखी दूर होता, मग आणखी. तिच्या गळ्यातून काढलेला पट्टा योनासच्या गाडीत होता. ठिपका आता ना खडकाकडे वळत होता, ना नदीच्या कोरड्या पात्राकडे. गावाच्या रस्त्याने, सरळ रेषेत चालला होता.