काचवाल्यांच्या गाडीचे झाकण

मी एक जुने झाकण आहे. पिकअप गाडीच्या डिझेल टाकीचे, कुलूप असलेले. आता ते कुलूप तुटले आहे, म्हणून नुसते झाकण म्हटले तरी चालेल. मित्रांनो, अशा गाड्या तुम्ही रस्त्यावर रोज पाहता. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, आणि एका अंगाला टाकीचे तोंड. त्या तोंडावर काय बसवले आहे याकडे कोणी पाहत नाही. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. हल्ली तर कशाचेच फारसे वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. वरून काळे प्लास्टिक, पोटात छोटेसे कुलूप आणि खाली रबराचे वायसर. टाकीच्या तोंडावर ते वायसर घट्ट बसले की आत धूळ जात नाही, पाणी जात नाही, आणि किल्ली नसेल तर आतले बाहेर येत नाही. एवढेच माझे काम.

सुट्या भागांच्या दुकानात मी खिळ्याला टांगून होतो. एके दिवशी तिथे बापलेक आले. बाप काच कापणारा आणि बसवणारा कारागीर, सगळे त्याला काचवाले म्हणत. लेक गाडी चालवी आणि माल पोहोचवी. त्यांच्या टाकीचे साधे झाकण कोणीतरी काढून फेकले होते आणि डिझेल उपसून नेले होते.

"साधंच द्या," बाप दुकानदाराला म्हणाला. "कुलूप कशाला? आपल्या गाडीत काय सोनं ठेवलंय?"

"बाबा, सोनं चोरायला अक्कल लागते," लेक म्हणाला. "डिझेलला नळी पुरते."

दुकानदार हसला आणि त्याने मला खिळ्यावरून काढले.

ते दिवस चांगले होते. हौद्यात लाकडी घोडा बसवलेला असे. त्याला टेकवून काचा तिरप्या उभ्या करायच्या, मध्ये पुठ्ठे घालायचे आणि पट्ट्यांनी आवळायच्या. लेक पंपावर आला की आधी फडक्याने माझ्याभोवतीची माती पुसून काढी, मग किल्ली फिरवी. माझ्याशी, गाडीशी, पंपवाल्याशी, सगळ्यांशी त्याची अखंड बडबड चाले. "टाकीचं तोंड आणि माणसाचं तोंड, काम झालं की बंद करावं," असे तो म्हणे, आणि स्वतः मात्र बोलतच राही. पंपवाला एकदा त्याला म्हणाला, "एवढं स्वच्छ झाकण मी दुसऱ्या गाडीला बघितलं नाही." ती माझी एकुलती एक स्तुती. ती मी जपून ठेवली आहे.

त्याची बायकोही त्याच्याकडूनच गाडी शिकली. मोकळ्या मैदानात तो बाजूला बसे आणि सांगे, "सावकाश. मागे काच आहे असं समज." मागे तेव्हा काहीच नसे. तरी ती खरोखरच काच असल्यासारखी वळण घेई.

मग लेक आजारी पडला. साधा ताप आहे, दोन गोळ्या घेतल्या की उतरेल, असे म्हणत तो चालत दवाखान्यात गेला. तिथून मोठ्या रुग्णालयात गेला. परत आला नाही.

गाडी बरेच दिवस दारात उभी होती. माझ्यावर धूळ बसत गेली आणि उन्हाने वायसर कडक होत गेले. रबर वाळले की त्याला दाबलेले कळत नाही, सोडलेलेही कळत नाही. घरातही तसेच काहीसे झाले असावे, कारण आतून भांड्यांचे आवाज येत, माणसांचे येत नसत.

पुढे एका सकाळी सून बाहेर आली, किल्ली लावली आणि चालकाच्या जागेवर बसली. काचवाले डावीकडे बसले. काम पुन्हा सुरू झाले. ते आपल्या दुकानात हिऱ्याच्या टोकाच्या हिरकणीने काच कापत, ती गाडी चालवी, आणि बसवायला एक जोडीदार कारागीर येई. पूर्वी काचवाले स्वतः मापे घेत, खिडकीत काच बसली की चार पावले मागे जाऊन बघत. आता ते केबिनमध्येच बसून राहत. सून काही म्हणत नसे. तीही जेवढ्यास तेवढे बोलायची.

एका बांधकामावर भर दुपारी गाडी उभी होती. सून आणि जोडीदार काच घेऊन वर गेले होते. काचवाले आपल्या जागी बसले होते. एक माणूस हातात रिकामा कॅन आणि गुंडाळलेली नळी घेऊन आला. त्याने इकडेतिकडे पाहिले, माझ्या कुलपात पेचकस घातला आणि जोर लावला. आतली पिन मोडली. त्याने मला बाजूला भिरकावले नाही, नीट जमिनीवर ठेवले. सवयीचा माणूस असावा.

मित्रांनो, जमिनीवरून मला गाडीचा डावा आरसा दिसत होता. आरशात काचवाल्यांचा चेहरा होता आणि डोळे उघडे होते. मला ते दिसत होते, म्हणजे त्यांनाही ती नळी दिसत असणार. एक हाक पुरली असती. नुसते खाकरले असते तरी तो माणूस पळाला असता. ते हलले नाहीत. कॅन भरला, त्या माणसाने टोपण लावले आणि चालू लागला.

सून खाली आली. तिने मला उचलले आणि कुलूप निरखले.

"बाबा, कोणी आलं होतं का इथं?"

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

तिने जास्त विचारले नाही. सीटखालची चिंधी काढली, तिचा बोळा करून टाकीच्या तोंडात कोंबला, वर प्लास्टिकची पिशवी घातली आणि सुतळीने बांधली. "उद्या नवं झाकण आणू," ती म्हणाली. मला तिने केबिनच्या उघड्या खणात टाकले. तिथे जुना पाना, सुकलेले पेन आणि काळा चष्मा होता. चष्मा लेकाचा होता.

उद्या आले आणि गेले. असे कितीतरी उद्या गेले. पिशवी फाटली, तिच्यावर दुसरी बांधली गेली. बांधकामावरची बारीक धूळ आत गेली. गाडी धुवायला नेली, तेव्हा धुणाऱ्याने पाण्याचा जोरदार फवारा थेट त्या बोळ्यावर मारला. चिंधी पाणी प्यायली आणि उरलेले टाकीत सोडून मोकळी झाली. माझ्या जागी चिंधी बसली होती, आणि मी खणात चष्म्याशेजारी पडून होतो. राग यायला हवा होता. आला नाही.

मग टेकडीवरच्या शाळेचे काम आले. मोठमोठ्या खिडक्यांच्या काचा घोड्याला टेकवून बांधल्या, जोडीदार आधीच पुढे शाळेत गेला होता, आणि दोघांना घेऊन गाडी चढाला लागली. अर्ध्या चढावर इंजिनाने आचके दिले. सुनेने गिअर बदलला. इंजिन आणखी एकदा गुरगुरले आणि बंद पडले.

बंद इंजिनाच्या गाडीचा ब्रेक दगडासारखा जड होतो. सुनेने सगळा भार पायावर टाकला, दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. तरी गाडी मागे सरकू लागली. हळूहळू, पण सरकतच होती. मागे उतार होता, आणि उताराच्या शेवटी उघडे वळण.

तेव्हा डावे दार उघडले. इतके दिवस जो माणूस केबिनमधून उतरत नव्हता, तो चालत्या गाडीतून उतरला. पडला, उठला. रस्त्याकडेचा धोंडा दोन्ही हातांनी उचलून त्याने मागच्या चाकाखाली सारला.

"सूनबाई, उतर," बाहेरून आवाज आला. "गाडी सोड. उतर तू."

"धरलाय मी ब्रेक. दुसरा दगड लावा."

त्यांनी दुसरा लावला. गाडी थांबली. त्या हिसक्याने पट्टा सुटला आणि घोड्यावरच्या काचा एकामागून एक रस्त्यावर कोसळल्या. तो आवाज बराच वेळ चालू होता. तो संपल्यावरच सून खाली उतरली. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. काचवाल्यांचे तळहात सोलवटले होते.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने टाकीतले थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत काढले आणि बाटली उजेडात धरली. वर डिझेल तरंगत होते, तळाशी गढूळ पाणी होते, आणि मध्ये चिंधीचे धागे लोंबत होते.

"ही टाकी आहे की माठ?" मिस्त्री म्हणाला. "गाडी पाण्यावर चालायला लागली असेल तर आधी सांगा, म्हणजे मी गॅरेज बंद करतो."

मिस्त्रीने दोघांकडे, मग सुनेच्या हातातल्या माझ्या तुटक्या कुलपाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "टाकी उतरवून धुवावी लागेल. फिल्टर गेलाच. चोरानं नेलं ते परत भरता येतं, ताई. आत जे जातं ना, ते गाडी मारतं." एवढे बोलून तो पाने आणायला आत गेला.

सून माझ्यासारखे नवे झाकण घ्यायचे म्हणून मला खणातून काढून हातात धरून उभी होती. काचवाले बाकावर बसले होते.

"मी बघितलं होतं त्याला," ते म्हणाले.

"कोणाला?"

"डिझेल काढणाऱ्याला. आरशात दिसत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

सुनेची बोटे माझ्याभोवती आवळली गेली. "मग हाक का नाही मारलीत?"

"वाटलं, नेऊ दे. जे जायचं होतं ते गेलंय. आता कोणी काय नेणार आपलं?"

ती चिडेल, रडेल, असे मला वाटले. तिने यांतले काहीच केले नाही. हिशेबाची साधी चूक दाखवावी तशी ती म्हणाली, "बाबा, त्या गाडीत मी बसते."

काचवाल्यांनी मान खाली घातली. मग दोन्ही सोलवटलेले हात तोंडावर घेतले. लेक गेला त्या दिवशीही ते रडले नव्हते, असे मी घराच्या दारात उभ्या गाडीवरून ऐकले होते. त्या दिवशी गॅरेजच्या बाकावर रडले. सून शेजारी बसली. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही की काही समजावले नाही. नुसती शेजारी बसून राहिली.

गाडी दुरुस्त झाली. टाकीवर नवे झाकण आले, माझ्याहून मजबूत. मला खणातच ठेवले आहे. टाकून द्यायचे कोणाला सुचले नाही, एवढेच.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी गाडी असेल तर तिच्या टाकीचे झाकण तपासा. वायसर कडक झाले असेल तर बदला. कुलूप तुटले तर चिंधीवर भागवू नका. आणि तुमच्या घरात कोणी असे कोरडे, कडक होऊन बसले असेल, तर ते आपोआप मऊ होईल म्हणून थांबू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. माझ्यासारख्या निकामी झाकणाला याहून जास्त काही सांगता येणार नाही.

परवा एका नव्या इमारतीखाली गाडी उभी होती. सून आणि जोडीदार काच घेऊन वर गेले. काचवाले केबिनमधून उतरले आणि टाकीला पाठ टेकून उन्हात उभे राहिले. तिथल्या पहारेकऱ्याने विचारले, "काका, गाडीत बसा की. कोणाची वाट बघताय?"

"सून वर गेलीय," काचवाले म्हणाले. "ती येईपर्यंत उभा आहे."