पाठीवरचा हात

पॉलिशवाल्याच्या बायकोची पाठ सारखी खाजायची, आणि ती खाजवायचा मान लग्नापासून एकट्या पॉलिशवाल्याचा होता. दिवसभर कारखान्यात कपाटं-टेबलं पॉलिशपेपरनं घासून त्याचे तळवे असे खरखरीत झाले होते की दुसऱ्या कशाची गरजच नव्हती.

"अहो, जरा वर. तिथे नाही हो, डावीकडे!"

"तुझ्यापेक्षा लाकूड बरं. निदान बोलत तरी नाही," असं म्हणत तो हात चालूच ठेवायचा.

प्रेमाचं बोलणं त्या माणसाला उभ्या आयुष्यात जमलं नाही. जे काय होतं ते तो या पाठीवर उरकायचा, आणि तिला ते पुरायचं.

मग पाठीवर तपकिरी डाग पसरला. तिला तो दिसतच नव्हता, त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं. त्यानंच हट्टानं तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"कातडीत एक प्रकारचं प्रथिन साचलंय," भिंगातून बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाबरू नका, लेझरनं पुष्कळ फिकट होईल. पण वर्षानुवर्षं घासून घासून हे वाढतं. कशानं घासता एवढं?"

पॉलिशवाल्यानं हळूच आपले हात मांड्यांखाली सरकवले.

त्या दिवसापासून त्यानं तिच्या पाठीला बोट लावलं नाही. मलमाची ट्यूब आणून द्यायचा, ओला रुमाल पिळून द्यायचा. हात मात्र नाही. ती भांडली, रुसली, शेवटी काकुळतीला आली. "अहो, घासू नका. नुसता ठेवा."

"माझ्यामुळे झालंय ते," म्हणून तो कूस वळवायचा. चांगला माणूस एकदा अपराधी झाला की त्याच्याइतका आडमुठा कुणी नाही.

म्हणून ती लेझरला तयार झाली. दिसण्याची हौस नव्हती, या वयात तिची पाठ बघणार कोण? तिला डॉक्टरीणबाईंच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, आणि ते नवऱ्याच्या कानावर पडायला हवं होतं: आता हात लावायला हरकत नाही. त्या वाक्यासाठी ती डोळ्यांवर काळा चष्मा चढवून पालथी पडायची, आणि रबर ताणून सोडल्यासारखे चटके दातांवर दात दाबून सोसायची. घरी आल्यावर तो दोन पावलं लांबूनच पाठ न्याहाळायचा.

"उतरतोय. अजून एक हात मारावा लागेल."

"मग मारा की!" ती म्हणायची. तो कान लाल करून कारखान्यात निघून जायचा.

लेझरची शेवटची खेप बाकी होती, तेव्हा तो गेला. कारखान्यातच, ब्रश हातात असताना. कुणाला धावपळ करायलाही वेळ दिला नाही.

काही आठवड्यांनी दवाखान्यातून फोन आला. नाही म्हणायचं कसं ते न सुचल्यामुळे ती गेली. लेझर झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं तिच्यासमोर दोन फोटो लावले. तिनं आपली पाठ आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पहिल्या फोटोत बारीक तपकिरी रेघा होत्या, उजव्या खांद्यापासून खाली, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. त्याचा हात असाच फिरायचा. लाकूडसुद्धा तो त्याच्या अंगच्या रेघांच्या दिशेनंच घासायचा, आडवं कधी नाही. दुसऱ्या फोटोत जवळजवळ काहीच उरलं नव्हतं.

"आज मिस्टर नाही आले?" डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "फार मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. त्यांना सांगा, घासायचं नाही, पण हात फिरवायला आता काही हरकत नाही."

त्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिला मोडवेना.

"सांगते," ती म्हणाली.

घरी येऊन दार लावलं आणि पाठ खाजायला लागली. नेमकी तिथे, जिथे आपला हात पोचत नाही. त्यानं घासूनपुसून चमकवलेलं कपाट समोरच होतं. ती त्याला पाठ लावून उभी राहिली आणि अंग घासू लागली. वर, खाली, डावीकडे. पाठ नुसती घसरत होती. कुठे एक कंगोरा नाही, कुठे एक खडबडीत जागा नाही.

"अहो, एवढं गुळगुळीत करून ठेवायची काय गरज होती?" ती कपाटावर मूठ आपटून ओरडली, आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.