कोलूत न मांडलेली बाहुली

मी एक जुनी, वाकड्या मानेची डोलती बाहुली आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, रंजनाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, डब्याशेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मला पाहून हसू आलं तर खुशाल हसा. माझी मान एका बाजूला झुकली की तिकडेच रेंगाळते.

मला घडवलं ते या घरच्या लेकीने, हरिप्रियाने. चेन्नईतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून ती बाहुल्या करणाऱ्यांच्या हाताखाली माती आणि कागदाचा लगदा मळायला बसली. मी तिची पहिली बाहुली. इथे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. त्यात दर वर्षी एक तरी नवी बाहुली यावी लागते. म्हणून हरिप्रिया मला ओढणीत गुंडाळून मोठ्या हौसेने घरी घेऊन आली.

तिचे वडील सीतारामराव. घराण्याचं नाव निघालं की त्यांची छाती फुगायची. ते म्हणाले, "आम्हीं मराठे राजांसंगें इथें आलेले लोक. आमची लेक माती मळणार काय? लोक काय म्हणतील?" त्यांनी मला पायरीवर ठेवू दिलं नाही. तिच्या आईने, रंजनाबाईंनी, मला आत फळीवर नेलं. हरिप्रिया वाद घालत बसली नाही, पण तिने कामही सोडलं नाही.

पुढे दर वर्षी सीतारामराव भरद्वाजच्या बाहुल्यांच्या दुकानातून नवी बाहुली आणू लागले. देखण्या असायच्या मेल्या. मी फळीवरून बघायची आणि मनातल्या मनात जळायची.

एका वर्षी पाहुण्या बायका सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, खात बसल्या होत्या. सीतारामराव नव्या बाहुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "डोळे पाहा. असा हात तंजावुरांत दुसरा नाहीं." हरिप्रिया तिथेच वाट्या भरत होती. ती बाहुली तिनेच घडवून भरद्वाजच्या दुकानात विकायला दिलेली होती. रंजनाबाईंनी नंतर आत येऊन तिला विचारलं, "सांगितलें कां नाहींस?"

"अप्पांना बाहुली आवडली, आई. माझं नांव कशाला?" असं म्हणून ती भांडी विसळू लागली. तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. वाईट वाटलं ते मला.

यंदा उन्हाळ्यात सीतारामराव गेले. दिवसकार्य झाल्यावर दुकानदार भरद्वाज भेटायला आला. सीतारामरावांना तो मामा म्हणायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तो म्हणाला, "मामा दुकानांत आले कीं पहिलें विचारायचे, हरिप्रियाच्या हातची कोणती? दुसरीला हात लावायचे नाहींत. घरीं सांगूं नको म्हणायचे."

हरिप्रियाने हातातलं कापीचं भांडं खाली ठेवलं. "मला एकदा म्हणाले असते," एवढंच ती बोलली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. जगाने पाठ थोपटावी म्हणून ती कधी अडली नव्हती. बापाची शाबासकी मात्र तिला हवी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, आम्हा बाहुल्यांवरची धूळ पुसा, आम्हाला उंदरांपासून सांभाळा, हे मागणं तर आहेच. पण आणखी एक ऐका. घरातल्या कुणाचं काम आवडलं, तर ते त्याच माणसाला सांगा, माणूस समोर आहे तोवर सांगा. सीतारामरावांनी पाहुण्यांना सांगितलं, दुकानदाराला सांगितलं. लेकीला सांगायचं तेवढं राहून गेलं.